तहसीलदाराची थंडगार गादी

त्या वर्षी अधिक महिन्यात आमच्या आईनं जावयाच्या जागी कुत्र्याला ओवाळलं, आणि त्यानंतर आमच्या घराला जावई उरला नाही.

असं काहीही घडलेलं नाही. अकोल्याला आमच्या घरी येऊन कुणालाही विचारा. आई सांगेल, अधिक महिना फार छान पार पडला. बाबा सांगतील, ते पेपर वाचत होते. ताई चहा टाकते म्हणून आत निघून जाईल. तेव्हा जे घडलंच नाही, ते मी जरा सविस्तर सांगतो.

"काय करून राहिला रे बाल्या?"

मी मागच्या पडवीत मांडी घालून बसलो होतो. हातात आईची कापडाची कात्री होती.

"आजोबांचे डायपर कापतोय."

आईनं माळ्याकडे पाहिलं. आजोबा आदल्या वर्षी गेले होते. त्यांच्यासाठी आणलेली डायपरची पाकिटं माळ्यावर तशीच होती. टाकवत नव्हती आणि कुणाला द्यावी तर घेणाऱ्याला काय म्हणून द्यायची, हा प्रश्न होता.

"गेलेल्या माणसाच्या वस्तूंची अशी विटंबना करतात का?"

"विटंबना नाही, गादी करतोय. तहसीलदारासाठी."

तहसीलदार म्हणजे आमचा कुत्रा. नाव ताईनं ठेवलं होतं, कारण पिल्लू असताना तो सकाळी एकदा सगळ्यांकडे रागानं पाहायचा आणि जेवून झोपायचा. अंगावर पांढऱ्या केसांचा असा कोट, की पाहणाऱ्याला वाटावं हा काश्मीरचा. पत्ता मात्र अकोला. तरुणपणी त्यानं इथले उन्हाळे काढले, पण आता तो म्हातारा झाला होता. पारा शेहेचाळीसच्या वर गेला, तसं त्याचं धापा टाकणं थांबेना. डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "हृदय थकलंय याचं. मृग लागेपर्यंत याला गार ठेवा. नाही ठेवलं तर मला पुन्हा दाखवायला आणावं लागणार नाही."

म्हणून मी मोबाइलवर शोधलं. एक गोरी बाई हसत हसत कुत्र्यासाठी थंड गादी कशी करायची ते दाखवत होती. म्हणे, पारा पंचवीसच्या वर गेला की आपल्या लाडक्याला ही द्या. पंचवीसला आमच्याकडे लोक कानाला मफलर बांधतात. तिनं गादी फ्रीजमध्ये ठेवली. तिच्या फ्रीजमध्ये दोन लिंबं होती. आमच्या फ्रीजमध्ये मे महिन्यात आमरसाची पातेली एकमेकांच्या डोक्यावर उभी असतात. पण तिची एक गोष्ट पटली. डायपरमध्ये जी पांढरी पूड असते, ती पाणी पिऊन फुगते आणि गार लगदा होतो. त्याच्यावर अंग टेकलं की तो अंगातली उष्णता ओढून घेतो.

मी पूड बादलीत झाडली आणि माठातलं पाणी ओतलं. भिजवलेला साबुदाणा फुगावा तशी ती फुगली, आणि साबुदाण्याला जिथं थांबायचं कळतं तिथं ती थांबली नाही. बादली भरली. मग घमेलं भरलं. हा लगदा भरायला न गळणारं काहीतरी हवं होतं, म्हणून मी बाबांचा रेनकोट काढला.

बाबांनी पेपर खाली केला. "पाऊस आला तर?"

"मे आहे," आई म्हणाली.

पेपर वर गेला. बाबांचं या गोष्टीतलं काम जवळजवळ संपलं.

रेनकोटची पिशवी केली, पण पहिल्याच खेपेला सगळा लगदा एका कोपऱ्यात गोळा झाला. तहसीलदारानं त्या फुगवट्याचा वास घेतला आणि तो दुसरीकडे जाऊन बसला. मग मी पिशवीला कागद ठेवून इस्त्रीनं उभ्या-आडव्या रेघा चिकटवल्या. बर्फीच्या ताटात सुरी फिरवतात तशा. प्रत्येक चौकोनात थोडा थोडा लगदा राहिला. त्याच्यावर कूलरच्या जुन्या ताट्यांतला वाळा पसरला. वरून धुतलेलं पोतं. पोत्यावर पाणी शिंपडलं की वाळा भिजणार, हवा लागली की आणखी गार होणार.

मी पोतं शिवायला घेतलं तेव्हा आई दारात उभी राहून पाहत होती.

"माणसं फरशीवर लोळून राहिली अन् कुत्र्याला गादी. असे टाके घालतात का रे? सरक."

तिनं सुई हिसकावून घेतली. गोधडीला घालतात तसे कडेकडेनं बारीक टाके घातले आणि काम झाल्यावर म्हणाली, "मला वेडेवाकडे टाके पाहवत नाहीत, म्हणून. कुत्र्यासाठी नाही काही."

बैठकीत कूलरच्या समोर गादी टाकली. तहसीलदार आला, एक पंजा ठेवला, काढला, माझ्याकडे संशयानं पाहिलं, आणि मग पोट टेकून हळूहळू असा काही पसरला, की कुत्रा कुठे संपतो आणि गादी कुठे सुरू होते ते कळेना. थोड्या वेळानं त्याची जीभ तोंडात गेली. कितीतरी दिवसांनी मी त्याचं मिटलेलं तोंड पाहत होतो.

हे सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी जावई आले.

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अधिक महिना दर तीनेक वर्षांनी येतो. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण असतो. त्याचे पाय धुतात, त्याला पुरणाचे धोंडे करून घालतात आणि दिव्यासकट वाण देतात. एरवी धोंडा म्हणजे दगड. हे दोन अर्थ एकत्र का नांदतात, ते मला पराग भाऊजींना पाहिल्यावर समजलं.

भाऊजी नागपूरला एका सोलर कंपनीत होते. उन्हाचं खायचे आणि ऊन सोसत नाही म्हणायचे. ताई बॅगा घेऊन रिक्षातून उतरली. भाऊजी रुमाल घेऊन उतरले.

"काय हो हे ऊन! शलाका, माझा गॉगल कुठाय?"

ताईनं बॅगा खाली ठेवल्या आणि त्यांच्याच डोक्यावरचा गॉगल त्यांच्या हातात दिला.

बैठकीत आल्या आल्या त्यांचं लक्ष गादीवर गेलं. तहसीलदार ताईचा आवाज ऐकून दाराकडे धावला होता आणि तिच्या पायाशी गोल गोल फिरत होता. तेवढ्यात भाऊजींनी पायाच्या अंगठ्यानं गादी दाबून पाहिली.

"अरे वा! हे काय आहे?"

"कुत्र्याची गादी आहे, भाऊजी."

"मस्त आहे," म्हणून ते तिच्यावर आडवे झाले. माझ्या वाक्यातला फक्त एकच शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता. "आहाहा! आई, हे भारी आहे हो. आत काय घातलंय?"

आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी म्हणालो, "वाळा."

तहसीलदार परत आला. त्यानं भाऊजींकडे पाहिलं. ते उठतील म्हणून तो उशाशी उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तहसीलदार रांगेत उभा होता आणि काम होत नव्हतं.

"याला बाहेर बांधा नं कुणीतरी," भाऊजी डोळे मिटून म्हणाले. "केस उडतात."

"भाऊजी, त्याला त्रास आहे. डॉक्टरांनी..."

"बाल्या," आई म्हणाली, "जावई आहेत."

या दोन शब्दांपुढे आमच्या घरात बोलणं नसायचं. त्यांना आमरसात तूप कमी वाटलं तरी जावई आहेत. बाबांची आरामखुर्ची हवी असली तरी जावई आहेत. मी म्हटलं, त्यांना दुसरी गादी करून देतो. पण डायपर संपले होते, आणि घरात जावई असताना मी मेडिकलमधून म्हाताऱ्यांचे डायपर आणताना कुणी पाहिलं तर गावभर काय होईल, असा आईचा सवाल होता. भाऊजींनी तर वादच मिटवला. म्हणाले, "दुसरी नको, हीच पाठीला बसलीय."

तहसीलदार मोरीत जाऊन झोपला. मी त्याच्या अंगावर ओला टॉवेल टाकत होतो. टॉवेल वाळायचा. पुन्हा भिजवायचो, पुन्हा वाळायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पाणी प्यायचं सोडलं. ताटली तोंडाशी नेली की तो फक्त डोळे हलवायचा. मी बैठकीत गेलो.

"भाऊजी, फक्त तासभर द्या. तो मरेल हो."

"अरे, कुत्री अशी मरत नसतात. निसर्गच त्यांना सांभाळतो." त्यांनी कूस बदलली. "वीज आली की कूलर इकडे फिरव जरा."

मी स्वयंपाकघरात गेलो. आई पुरण घोटत होती आणि ताई कणीक मळत होती. मी आईला सांगणार होतो की तुझा नारायण माझा कुत्रा मारतोय. पण आईचं लक्ष ताईच्या मानेकडे होतं. ताईनं केस वर बांधले होते आणि मानेपासून पाठीपर्यंत लालभडक घामोळ्या होत्या.

"हे काय गं? तुमच्याकडे कूलर नाही का?"

"आहे नं. यांच्या खोलीत."

"यांच्या खोलीत म्हणजे?"

"त्यांना दुसऱ्या माणसाच्या श्वासानं उकडतं." ताईनं कणकेला तेलाचा हात लावला. "मी स्वयंपाकघरात टाकते अंथरूण. ओट्याखालची फरशी गार असते, आई. खरंच. मला काही नाही होत."

"कधीपासून?"

"पहिल्याच उन्हाळ्यापासून. आता सवय झाली."

आईची पळी थांबली नाही. मी म्हटलं, "आई, तहसीलदार पाणी पीत नाहीये." ती म्हणाली, "ऐकलं मी." मला वाटलं, तिनं कुत्र्याचं ऐकलं.

वाणाचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी होता. वझलवार गुरुजी आले. ते जिन्याच्या पायऱ्यासुद्धा उजवा-डावा पाहून चढणारे. पाट मांडले होते. भाऊजी रेशमी सोवळं नेसून आले आणि पाटाकडे बघून म्हणाले, "मी गादीवरच बसतो. आणि आई, मी काय म्हणतो, ते चांदीचं भांडं वगैरे राहू द्या. वाण म्हणून मला ही गादीच द्या. सोबत अनारसे असू द्या."

"अहो, वाण जाळीचं लागतं," आई म्हणाली. "अनारशाला जाळी असते, बत्ताशाला असते."

"मग पोत्याला काय असतं?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी वाकून गादीचा कोपरा उचलला, डोळ्याजवळ नेला आणि उजेडाकडे धरला.

"आरपार दिसतं का?"

"नाही दिसणार, गुरुजी," मी म्हणालो. "आत रेनकोट आहे."

गुरुजींनी विचार केला. "वरचं आवरण जाळीचं आहे. शास्त्र आवरण पाहतं. चालेल."

तर अशा रीतीनं माझ्या कुत्र्याचा जीव भाऊजींना सशास्त्र देण्यात आला. ताई त्यांच्या शेजारी पाटावर बसली. आईनं ताम्हणात भाऊजींचे पाय धुतले. धुताना ती ते पाय फार नीट पाहत होती. भाजीवाल्यानं शेजारणीला काय दिलं ते पाहावं तसं. संकल्प झाला. दिवा लागला. आणि नेमकी वीज गेली.

कूलर थांबल्यावर घर एकदम शांत झालं. त्या शांततेत मोरीकडून नखांचा आवाज आला. तहसीलदार येत होता. मागचे पाय फाकत होते. जीभ बाहेर लोंबत होती, जांभळट झालेली. तो कुणाकडेही न पाहता गादीपाशी आला आणि एका कोपऱ्यावर त्यानं फक्त हनुवटी टेकवली. बाकीचा कुत्रा फरशीवरच होता.

भाऊजींनी त्याला पायानं सारलं. तो घसरला, उठला आणि पुन्हा हनुवटी टेकवली. भाऊजींनी पुन्हा सारलं, या वेळी जरा जोरात. तो केकाटला.

"पराग!" ताई म्हणाली. तिच्या तोंडून त्यांचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"आधी याला बाहेर काढा," म्हणत भाऊजी उठून उभे राहिले, "मग काय ते ओवाळा."

ते उठले आणि तहसीलदार सरकत सरकत गादीच्या मधोमध गेला. पोट टेकलं आणि डोळे मिटले.

"आसन सोडायचं नव्हतं," गुरुजी कळवळून म्हणाले. "संकल्प झालाय, दिवा लागलाय. आता ज्याचं आसन त्याचं वाण."

"मग उठवा नं त्याला!"

मी पुढे झालो. उचलून त्याला नळाखालीच न्यावं, असं माझ्या मनात होतं.

"हात लावू नको," आई म्हणाली.

तिनं तबक उचललं. गादीसमोर बसली. तहसीलदाराच्या कपाळावरचे केस बाजूला करून कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळायला सुरुवात केली. अगदी सावकाश. ज्योत त्याच्या तोंडापासून लांब धरून, उकडू नये म्हणून.

गुरुजींची मात्र अडचण झाली. मंत्र अर्धा सोडता येत नव्हता. "नाव काय घ्यायचं?"

"तहसीलदार," ताई म्हणाली.

"गोत्र?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"माहीत नसेल तर काश्यप म्हणतात," गुरुजी म्हणाले आणि पुढे निघाले.

"हे काय चाललंय?" भाऊजी ओरडले. "आई, मी जावई आहे तुमचा!"

"हो नं," आई तबक फिरवत म्हणाली. "तुमचे पाय धुतले मघाशी."

बाबांनी पेपर खाली केला आणि या खेपेला तो खालीच राहिला.

भाऊजी वाकले आणि त्यांनी गादीचं टोक पकडलं. "ही माझी आहे. वाण दिलंय मला." त्यांनी ओढलं. तहसीलदाराचं वजन पलीकडे होतं, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. आईचे टाके तुटले नाहीत. आधी पोतं फाटलं आणि मग रेनकोट. पांढरा, थंडगार, थबथबीत लगदा भाऊजींच्या सोवळ्यावर, पावलांवर आणि बोटांच्या फटीत पसरला.

"ई! हे काय आहे?"

"जेल आहे, भाऊजी."

"कसलं?"

"डायपरचं."

"कुणाच्या?"

"आजोबांच्या."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "ते तर गेले नं?"

"हो."

डायपर न वापरलेले होते, हे मी सांगणारच होतो. अजून सांगितलेलं नाही.

भाऊजी अंगणातल्या नळाखाली बराच वेळ होते. परत आले तेव्हा शर्ट-पँट चढवून, गॉगल लावून आले. "शलाका, बॅग भर. आत्ताच्या आत्ता निघायचं."

ताई पाटावरच बसली होती. तहसीलदाराचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती उरलेला गार लगदा ओंजळीनं त्याच्या पोटाशी लावत होती, आणि तो ताम्हणातलं पाय धुतलेलं पाणी लपालपा पीत होता. काही न पिण्यापेक्षा बरं, म्हणून मीही काही बोललो नाही.

"ती नाही येत," आई म्हणाली.

"का?"

"घामोळ्या आल्यात तिला. बऱ्या झाल्या की येईल."

"घामोळ्यांसाठी कुणी माहेरी राहतं का?"

"तुमचं स्वयंपाकघर फार तापतं म्हणे."

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताईनं मान वर केली. मला वाटलं, आता ही उठेल. अशा वेळी ती नेहमी उठायची.

"कूलरची टाकी रोज सकाळी भरावी लागते," ती म्हणाली. "पाइप मागच्या दाराशी आहे. तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगितलं."

गेटचा आवाज झाला. आईनं दिवा देवापुढे नेऊन ठेवला आणि गुरुजींना धोंडे वाढले. गुरुजींनी विचारलं, आता हे सगळं कशात धरायचं? आई म्हणाली, "झालंच नाही असं धरा." तेव्हापासून आम्ही सगळे तसंच धरून चाललो आहोत.

तहसीलदारानं तो उन्हाळा काढला आणि पुढचेही काही काढले. ताईची मान पंधरवड्यात स्वच्छ झाली. आता ती एका शाळेत गणित शिकवते आणि तिच्या खोलीत तिचा स्वतःचा कूलर आहे. पण भाऊजींकडून विचारणा आली, मग त्यांच्या वकिलाकडून आली, तेव्हा आईनं एकच उत्तर दिलं. घामोळ्या अजून बऱ्या झालेल्या नाहीत. लग्नात पुढे पुढे नाचलेले नातेवाईक अजूनही हळूच विचारतात, "एवढ्याशा घामोळ्यांवरून?" आई त्यांना अनारसे देते. मला तिच्याकडून संयम शिकायचा आहे, तो अजून जमलेला नाही. म्हणून खालील मजकूर.

माननीय पंचांगकर्ते (सर्व) यांस सविनय विनंती की, अधिक महिना लग्नानंतर येतो ही प्रचलित व्यवस्था मुलींच्या दृष्टीनं गैरसोयीची आहे. सबब यापुढे प्रत्येक इच्छुक वरासाठी एक अधिक महिना लग्न ठरण्यापूर्वी, भर ज्येष्ठात, अकोला मुक्कामी आणि वीज नसताना योजण्यात यावा. त्या काळात सदर इसम स्वतः कुठे झोपतो आणि घरातली बाकीची माणसं कुठे झोपतात, हे तिथिवार छापावं. तसंच ही सोय मागील तारखेपासून लागू करून आमच्या शलाकाताईच्या लग्नाआधी एक महिना टाकून मिळावा.